मयताच्या दारात वाचलेली बातमी

खुनाची बातमी छापायची असली की आमचे संपादक अप्पा आधी मयताच्या घरी जात आणि लिहिलेला मजकूर तिथल्या माणसांना वाचून दाखवत. नगरात याची भारी टिंगल चाले. "अप्पांचा अंक निघेपर्यंत खुनी फासावरसुद्धा जातो," असं इतर पत्रवाले म्हणत. अप्पा तपकिरीची चिमूट ओढून म्हणत, "अरे शहाण्यांनो, मेला तो आपला अंक वाचणार नाही. मागं राहिलेत त्यांना त्याच गावात दिवस काढायचेत."

एकदा मीही बरोबर होतो. मयताच्या म्हाताऱ्या आईने सगळी बातमी ऐकून घेतली आणि म्हणाली, "मळ्यातनं येताना त्यो गानं म्हनायचा. त्ये लिवा की." अप्पांनी कुऱ्हाडीच्या घावांचं वर्णन खोडलं आणि तिथेच बसून गाण्याचं लिहिलं. मला हसू आलं होतं. चोवीस वर्षांचा होतो, अक्कल यायची होती.

मग दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत अप्पा तापाने फणफणले आणि जामखेडकडच्या एका खुनाची बातमी माझ्यावर आली. फौजदाराच्या ओसरीवर चहा पीत मी ती उतरवून घेतली. मयताचं गाव तिथून तीन मैल, तेही पायी. उन्हाचं कोण मरायला जातंय! "बाईच्या भानगडीतून खून झाल्याची वदंता आहे," असं झोकात लिहिलं आणि परतीची मोटार गाठली. अंक हातोहात खपला. मी आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडत होतो.

महिन्याभराने मयताचा मेहुणा छापखान्यात आला. मुंडाशातून तोच अंक काढून त्याने टेबलावर ठेवला. "खून पान्याच्या पाळीवरनं झाला, समद्या गावाला ठावं हाय. पन माझ्या भनीच्या, सोनाबाईच्या सासऱ्यानं ह्यो कागूद चावडीवर वाचून घेतला. म्हनला, माझ्या लेकाचा जीव हिच्यापायी गेला. तिला घराभाईर काढली, अन् चार वर्साचं पोरगं ठिवून घेतलं."

अप्पांनी तो अंक उचलला आणि माझ्यासमोर ती बातमी पहिल्यापासून वाचली. चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कागदाची टंचाई होती, अंक दोन पानांवर आला होता. तरी अप्पांनी पहिल्या पानावर 'आमची चूक' छापली आणि खाली माझं नव्हे, स्वतःचं नाव घातलं. मग मला घेऊन ते त्या चावडीवर गेले आणि ती चूक मला मोठ्याने वाचायला लावली. सासऱ्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"व्हय, छापलेलं हाय," तो म्हणाला. "पन पयलं बी छापलेलंच हुतं की. कोन्चं खरं धरायचं?"

अप्पांनी हात जोडले.

पुढे दर दोन-तीन महिन्यांनी ते त्या म्हाताऱ्याकडे जात राहिले. "पोराला आईकडे धाडा हो," एवढंच म्हणत. म्हातारा पाणी देई, बसायला घोंगडी देई. पोर मात्र दिलं नाही. मग दम्याने अप्पांचं जाणं थांबलं, आणि त्यांच्या जागी मी जायला हवं होतं, ते मी तोंड दाखवायची लाज वाटून टाळत राहिलो.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला विचारलं, "सोनाबाईचं पोर आलं का रे तिच्याकडे?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "आलं, अप्पा."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "स्वतः जाऊन पाहिलंस?"



दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने निघालो. सोनाबाई भावाच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी कोण ते सांगितलं, अप्पांनी काय विचारलं तेही. तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. मी पोराचं विचारलं.

"न्हाई आलं. जत्रंत दिसलं, तर आजीच्या मागं दडलं. मला वळखलं बी न्हाई." मी उठलो तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या अप्पास्नी खोटं सांगू नगा."

नगरला पोचलो तो अप्पांच्या दारात माणसं जमली होती. ते दुपारीच गेले होते. मी गर्दीतून आत शिरलो, त्यांच्या उशाशी बसलो आणि कानाशी लागून म्हणालो, "नाही आलं, अप्पा."