माजघरातली ओवी

कडुलिंबाच्या पाल्याचा धूर नाकात गेला की अजूनही माझा श्वास अडतो. कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या दिवसांतली गोष्ट. आमच्या बाळापुरातून अमरावतीला कापसाच्या गाड्यांची रीघ लागली होती, आणि त्यातच पटकीची साथ आली. साथ घरात शिरू नये म्हणून घरोघरी कडुलिंबाचा पाला जाळत. पुजारी गाव सोडून गेले, देऊळ बंद पडलं. मग माझ्या नवऱ्याला जुलाब सुरू झाले. मी तेव्हा सोळा वर्षांची होते.

सकाळी मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, सगळ्यांना माजघरात देव्हाऱ्यासमोर बसवलं. पलीकडच्या खोलीत नवरा निपचित पडला होता. मामाजींनी आरती सुरू केली, पण दुसऱ्याच ओळीला ते थांबले. पुढे कुणालाच म्हणवेना. सासूबाई माझ्या बांगड्यांकडे बघत होत्या. ती नजर मला सोसेना.

मला आरत्या येत नव्हत्या, आईची जात्यावरची ओवी तेवढी येत होती. मामाजींसमोर मी कधी मोठ्याने बोललेही नव्हते. डोळे मिटून मी ती गाऊ लागले. मध्येच मी अडखळले.

“थांबू नोको, माय,” मामाजी म्हणाले.

मी पुन्हा पहिल्यापासून म्हटली. तेवढ्यात आतून क्षीण आवाज आला, “कोन गाऊन राह्यलं, बाबा?”

“तुही बायको,” म्हणताना मामाजींना रडू फुटलं.

तिसऱ्या दिवशी नवरा पेज प्यायला. देवाने माझं कुंकू राखलं, असं तेव्हा वाटलं. पण शेजारची दोन माणसं त्याच आठवड्यात गेली, तीही रोज देवापुढे बसत. म्हणून आता तसं म्हणवत नाही. एवढं मात्र खरं, की त्यानंतर मामाजी मी येईपर्यंत पूजा सुरू करत नसत.