आत घेतलेले व्याही

"नर म्हणालीस तू त्यांना! सख्ख्या व्याह्यांना, नर!" नवरा ओरडला.

"मी डचमध्ये 'लहानसा पुरुष' म्हणाले. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ जनावरातला नर निघाला, त्याला मी काय करू?"

"अगं, तो माणूस दारातून वाकून आत येतो! लहानसा कुठून दिसला तुला?"

टेलरबाईंनी मशीनचं पायडल जोरात मारलं. ब्लाउजची बाही वाकडी शिवली गेली.

मुलानं डच मुलीशी लग्न केल्यापासून बाई मशीनशेजारी मोबाइल उभा करून डच शिकत होत्या. क्रियापदं त्यांनी पटापट गिळली. घोडं अडलं ते नामांपाशी. प्रत्येक नामाआधी 'द' किंवा 'हेट' लावायचं, आणि कुठे काय, याला धड नियम नाही. टेबल ते आणि खुर्ची ती हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तिकडचं मात्र सगळं घोकायचं.

मग एक दिवस त्यांना युक्ती सापडली. शब्दाच्या शेवटी 'ये' जोडून वस्तू लहान केली की हमखास 'हेट'. आपलं पिल्लू, कोकरू, पोरगं कसं 'ते' असतं, तसंच. बाईंचा जन्म सैल कपडे आत घेण्यात गेला होता. त्यांनी अख्खी भाषाच आत घेतली.

परवा विहीणबाईंशी व्हिडिओवर बोलताना त्यांनी एकही चूक केली नाही. त्यांच्या तीन मजली घराला खोपटं म्हणाल्या, वासराएवढ्या कुत्र्याला पिल्लू म्हणाल्या आणि शेवटी व्याह्यांवर आल्या. वर, घर मुळातच 'हेट' होतं, ते उगाचच लहान केलं गेलं.

तेव्हापासून विहीणबाई गप्प होत्या. आज सुनेचा फोन आला: आई रागावली आहे. मुलाला आणि सुनेला रजा नव्हती. नातीला सुट्टीत इकडे आणणार होत्या त्या विहीणबाईच. बाईंनी नातीसाठी झगे शिवून ठेवले होते. सुट्टी हुकली तर वर्षभरानं ते कितीही उसवले तरी तिला होणार नव्हते.

"म्हणजे आता येत नाही नात," नवरा म्हणाला. "बस पिल्लं मोजत."

"काय झालं रे?" सासूबाईंनी खाटेवरून विचारलं.

"तुझ्या सुनेनं व्याह्यांना आत घेतलं!"

"पोलिसांनी?"

सगळं समजावून सांगितल्यावर सासूबाई बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "अगं, झग्याच्या शिवणीत केवढी माया ठेवतेस. लहान कापलं की कापड वाया, मोठं ठेवलं की निभावतं, असं तूच सांगतेस ना गिऱ्हाइकांना? मग बोलताना का कंजुशी?"

"पण आई, मी 'द' लावलं आणि तिथे 'हेट' हवं असलं तर चूक होईल ना!"

"होऊ दे. चुकीनं कुणी बुटकं होत नाही."

बाईंनी वाकडी बाही उसवली, दोरा झटकला आणि मशीनवर झाकण घातलं.

"फोन मी आत्ताच लावणार आहे," त्या म्हणाल्या. "'ये' कशालाच जोडणार नाही, सगळ्याला 'द' लावणार. घराला, कुत्र्याला, व्याह्यांना. मध्ये कुणी बोलायचं नाही."