पुढे सरकवलेली थाळी

ती केस मी विसरलेली नाही, कारण तिच्यात मला एकदाही आवाज चढवावा लागला नाही.

फतेगंजात एका म्हाताऱ्याला धडक देऊन कोणीतरी पळालं. एका रिक्षावाल्याने त्याला दवाखान्यात पोचवलं आणि तोच अडकला. रिक्षाला पोचा होता, सीटवर रक्त होतं. ठाण्यातल्या साहेबांना तेवढं पुरलं. म्हातारा बेशुद्ध, दुसरा साक्षीदार नाही. रिक्षावाला कोठडीतून एकच सांगायचा, "बेन, मी उचललं, उडवलं नाही." मी साधी हवालदार. चहा देण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

सोमवारी सुभानपुऱ्यातली ओळखीची ख्रिस्ती बाई भेटली. बोलता बोलता तिने सांगितलं, की त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या एका निवृत्त नर्सबाईंनी काल उपासनेत प्रभुभोजनाची थाळी भाकर न घेता तशीच पुढे सरकवली. भाकर घेण्याआधी ज्याने त्याने स्वतःला तपासायचं, पाप दडवून खायचं नाही, असा त्यांचा नेम. वर म्हणाली, "आणि कायम स्कूटरवर येणारी बाई, काल चालत आली."

हे ऐकून मी उठले.

नर्सबाई फतेगंजातच राहायच्या. अंगणात स्कूटरवर चादर होती. मी ती उचलली. पुढचा दिवा फुटलेला.

"नर्स असून पळालात?" मी विचारलं.

त्या पायरीवर बसल्या. नाकारलं नाही.

"तेच मला झोपू देत नाही," त्या म्हणाल्या. "रोज प्रार्थना करत होते. धीर दे अशी नाही, पोलीस येऊ नयेत अशी. काल भाकर समोर आली तेव्हा कळलं, मी देवाकडे काय मागतेय."

मग प्रार्थनेसाठी थोडा वेळ मागून त्यांनी डोळे मिटले. मी दारात बसून राहिले. पळणारा माणूस पोलिसासमोर डोळे मिटत नाही. उठल्यावर त्यांनी आपणहून चपला घातल्या.

ठाण्यात त्या आधी कोठडीपाशी गेल्या आणि रिक्षावाल्यासमोर हात जोडले. तो म्हणाला, "मावशी, माफी नंतर. पहिलं मला सोडवा."

त्यांनी जबाब दिला आणि तो सुटला.

त्या बाईंनी थाळीतली भाकर मुकाट्याने घेतली असती, तर मी त्यांच्या दारी गेलेच नसते. स्वतःची उलटतपासणी घेणारी माणसं मी फार पाहिली नाहीत, म्हणून त्यांना मान देते. पण त्यांचं मन वळेपर्यंत रिक्षावाला आत बसला होता, हेही मी विसरत नाही.