न वाळलेला लाल रंग

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी तोंडावर टिंगल करायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... हसायचं तर हसा.

मुलीच्या बारावीच्या क्लाससाठी आम्ही दोघी लातूरला खोली करून राहिलो होतो. नवरा हदगावला, नोकरीवर. पोरगी सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची, जेवायची, की पुन्हा पुस्तकात डोकं. दिवसभर मी आणि भिंती. बोलायला माणूस नाही हो! शेवटी लग्नाआधीचा ऑइल पेंटिंगचा नाद आठवला. पांढरा, निळा, पिवळा, तपकिरी एवढेच रंग आणले, कारण काढायचा होता बर्फ. जुन्या कॅलेंडरवर परदेशातला एक बर्फाळ रस्ता होता, इम्प्रेशनिस्ट पद्धतीचा — म्हणजे जवळून नुसते ब्रशचे फटकारे, लांबून बघावं तेव्हा चित्र. आता मी बर्फ बघितलाय तो फ्रिजमधला! आणि लांब जायला खोलीत जागा कुठं? जरा मागं सरकलं की पाठ गॅसच्या ओट्याला.

म्हणून चित्र वाळल्यावर पहिल्यांदा अंगणात नेऊन भिंतीला टेकवलं. समोरच्या ओसरीवर घरमालकीण सरूमावशी तांदूळ निवडत होत्या. भूकंपात त्यांचं गाव गेलं, तेव्हापासून इथं एकट्या. आमचं बोलणं म्हणजे नळ आला, नळ गेला. त्या एकदम ओरडल्या,

"अगं बाई, ती कोन हुबी हाय रस्त्यात?"

"कुणी नाही हो मावशी. रिकामा रस्ता आहे."

"रिकामा कसा? माजी मंगल हाय ती!"

मला वाटलं, ऊन लागलं यांना. सूप बाजूला ठेवून त्या चित्राजवळ आल्या आणि थबकल्या. "गेली की गं..." तशाच मागं सरकल्या, ओसरीवर बसल्या आणि रडायला लागल्या.

मंगल त्यांची एकुलती एक लेक. "गणपती बुडवून आली आन् तशीच झोपली. लाल रिबिनी बी सोडल्या न्हाईत. पहाटं सगळं पडलं. गल्लीभर नुसता पांढरा धुराळा... फोटू बी गेला ढिगाऱ्यात. लई वर्सं झाली बाई, पोरीचं तोंडच आठवंना झालं हुतं. आज दिसलं."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, मला रस्ताच दिसला. बर्फ आणि निळ्या सावल्या. त्यांची समजूत काढायची म्हणून उठले, चित्रावर वाकले... रस्त्याच्या मधोमध दोन लाल ठिपके. अहो, लाल ट्यूब मी आणलीच नव्हती! बोट लावलं. बाकी चित्र खडखडीत वाळलेलं, आणि तेवढे दोन ठिपके ओले. बोटाला रंग आला.

चित्र त्यांनाच देऊन टाकलं. पुढे मुलगी शिकायला बाहेरगावी गेली. मी हदगावला. नवरा ऑफिसात, दिवसभर पुन्हा मी आणि भिंती. मावशींना अधूनमधून फोन करते. ऑइल उशिरा वाळतं हे खरं, पण म्हणून वर्षानुवर्षं? मला कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर सांगा.

परवा भीत भीत विचारलं, "मावशी, तो लाल वाळला का हो?"

"न्हाई. रोज सकाळी बोट लावून बगती. वला लागला की चहा घिऊन वसरीवर बसती. दिसभर दोघी असतो आमी." मग म्हणाल्या, "तूच एकली पडलीस बग."