बाळ येशूची कुंची

आमच्या सासूबाई भारी खडूस होत्या. आज पहाटे गेल्या.

खडूस म्हटलं म्हणून कमेंटमध्ये मला समजवायला येऊ नका. सून आहे मी. एवढा हक्क कमावलाय.

दौंडमध्ये ज्यांनी त्यांना पाहिलंय, त्यांना ठाऊक आहे. चर्चमध्ये पहिला बाक त्यांचा. पाळकसाहेबांचा उपदेश लांबला की घसा खाकरणार त्या. आणि ख्रिसमसचा गोठा म्हणजे तर संपूर्ण त्यांचं राज्य.

आमच्याकडे गोठा थर्माकोलचा नसतो. उसाच्या पाचटाचा असतो. अंगणात, रस्त्याच्या कडेला.

आत मरिया, योसेफ, मातीच्या दोन गाई. आणि गव्हाणीत आईंच्या माहेरून आलेला हातभर लांबीचा बाळ येशू. प्लॅस्टरचा, गुलाबी गालांचा, कमरेला नुसती एक चिंधी रंगवलेली.

त्याला हात फक्त आईंनी लावायचा. मी नाही, आणि त्यांच्या लाडक्या लेकानंसुद्धा नाही.

माझ्या लग्नानंतरचा पहिलाच ख्रिसमस होता.

डिसेंबरची संध्याकाळ. नदीकडून गारवा सुटला की आमच्याकडे सगळंच धुरकट, लांबचं वाटायला लागतं. स्टेशनवरची शिट्टीसुद्धा स्वप्नात ऐकल्यासारखी येते.

कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर आमच्या दारासमोरच पंक्चर झाला. त्यावरून एक बाई उतरली. बीडकडची, ऊसतोडीला आलेली. काखेला तान्हं पोर. तिनं प्यायला पाणी मागितलं.

आई पाणी आणायला आत गेल्या. मी शिक्रापूरहून कंपनीतली शिफ्ट करून आलेली, पायरीवर बसून बूट काढत होते.

ती बाई गोठ्यापाशी गेली. वाकून आत बघितलं. हळूच हात घालून बाळाच्या पायाला लावला, आणि पटकन मागं घेतला.

मग तिनं आपल्या पोराची कुंची सोडली आणि बाळ येशूला घातली.

हनुवटीखाली बंदसुद्धा बांधले. सैलसर, काचू नयेत असे. आपल्या पोराला तिनं पदरात गुंडाळलं.

तेवढ्यात आई तांब्या घेऊन बाहेर आल्या. म्हटलं, झालं. आता हिचं काही खरं नाही.

"कुणी हात लावला त्याला?"

बाई कावरीबावरी झाली. म्हणाली, "आजी, पाय लई गार हायेत वो त्याचे."

आईंनी सुनावलं की तो देव आहे, मूर्ती आहे, खेळणं नाही. ते तिलाही कळत होतंच. तिच्या गावी थंडीत देवाला घोंगडं पांघरतात म्हणे. इथं एवढी सजावट, एवढं लाइटिंग, आणि लेकरू उघडंच, याचं तिला नवल वाटलं होतं.

"देव आसंल," ती म्हणाली. "पर बाळच हाय न्हवं?"

आईंनी तांब्या तिच्या हातात दिला.

गुडघे दुखतात म्हणून प्रार्थनासुद्धा खुर्चीत बसून करणाऱ्या आमच्या आई. त्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या. मातीत, त्या बाईच्या शेजारी.

अंगावरची नवीकोरी शाल काढली आणि त्या पोराला गुंडाळली. बाई नको नको म्हणत होती, माझी कुंचीच घेते म्हणत होती. आईंनी तिचा हात धरला.

"राहू दे गं. ती त्याला दिलीस तू."

मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "तो गरीब होऊन आला, गोठ्यात जन्मला, हे मी दरवर्षी सगळ्यांना सांगती. त्याला थंडी वाजत आसंल, हे माझ्या मनातच आलं न्हाई कधी."

टायर बदलला, ट्रॅक्टर गेला. वडगाव रासाईला नदीकाठी त्यांची राहायची कोपी आहे, तीही पाचटाचीच, एवढं बाई बोलता बोलता सांगून गेली. नाव विचारायचं राहिलं.

पुढच्या वर्षीपासून दिवाळी झाली की आईंचं शिलाई मशीन सुरू व्हायचं. जुन्या मऊ साड्यांच्या कुंच्या. आणि ख्रिसमसच्या आदल्या सकाळी माझ्या स्कूटीवर मागे त्या, मांडीवर पिशवी, वडगाव रासाई.

धुक्यात भीमा दिसायचीच नाही. आधी धूर दिसायचा, मग चुली, मग माणसं, मग कोप्या.

कोपीचं दार बुटकं. गुडघे धरत, कण्हत, आई आत शिरायच्या.

"बघ," मला म्हणायच्या, "त्याच्या घरी ताठ मानेनं जाताच येत न्हाई."

आत बसून कोरा चहा गोड मानून प्यायच्या. माझ्या चहात मात्र शेवटपर्यंत खोट निघाली, ते सोडा.

ती बाई पुन्हा कधीच भेटली नाही. आई प्रत्येक कोपीत तिला शोधायच्या.

आज दुपारी शवपेटी आली. अंगणात यंदाचा गोठा तयार होता, बाळ येशू त्याच जुन्या, विटलेल्या कुंचीत.

नणंद रडत म्हणाली, ती कुंची आईजवळ ठेवू या, तिचा फार जीव होता त्यात. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मीच उठले आणायला.

बंद सोडले. कुंची वर केली, आणि त्याचा पाय हाताला लागला.

गार. सकाळी तुमचे पाय हातात घेतले होते ना आई, तसाच.

मी बंद परत बांधले. सैलसर.

रिकाम्या हाताने आले म्हणून सगळे माझ्याकडं बघत होते. मी माझ्या अंगावरची शाल काढली आणि तुम्हाला पायापर्यंत पांघरली. पाय नीट झाकले.

कुंची नाही दिली, आई. राग धरू नका. दिली असती तर तुम्ही तिथूनच ओरडला असतात, पोर उघडं टाकलंस म्हणून.

यंदाच्या कुंच्या तुम्ही शिवून ठेवल्यात. पिशवी मी घेऊन जाईन. वाकून जाईन.

आपल्यात ‘जा’ म्हणत नाहीत.

या, आई.