बाजेखालची शेगडी

बाजेच्या पायाला जाळ लागला तेव्हा मी ओली बाळंतीण बाजेवरच होते आणि मुलगी माझ्या कुशीत होती.

ठाकुर्लीच्या आमच्या कौलारू खोलीत कोळी फार. जाळी कितीही झाडली तरी पुन्हा होत. एक कोळी बाळाच्या दुपट्यावर सापडला, म्हणून त्या सकाळी सासूबाईंनी बाजेचे पाय रॉकेलच्या फडक्याने पुसले. कोणाला सांगितलं नाही. शेजारच्या काकू धुरी द्यायला आल्या आणि त्यांनी रोजच्यासारखी ओव्याची शेगडी बाजेखाली सरकवली.

"काकू, रॉकेलचा वास येतोय," मी म्हटलं.

"अगं, बाळंतिणीला सगळेच वास येतात. गप पड."

तेवढ्यात भडका उडाला. काकू ओरडत बाहेर पळाल्या. सासूबाई आत आल्या. त्यांनी मुलीला उचललं, मला दंडाला धरून खाली ओढलं, आम्हा दोघींना बाहेर काढलं आणि परत जाऊन पेटती बाज हातांनीच दाराबाहेर रेटली.

काल डोंबिवलीत हीच मुलगी बेडरूममध्ये कोळ्यांचा स्प्रे मारून उदबत्ती लावायला निघाली. मी काडेपेटी हिसकावली.

"आई, काय गं हे!"

"आधी खिडकी उघड."

त्या आगीच्या वेळी मी सासूबाईंना मनात खूप शिव्या दिल्या होत्या. रॉकेल त्यांनीच लावलं, हे खरंच आहे. पण आत आल्या त्या एकट्याच. त्यांची बोटं शेवटपर्यंत आखडलेली राहिली. वाचलो मात्र आम्ही तिघी.