शूटिंगच्या डब्यातला रवा

लोकहो, आज माझं डोकं जाम फिरलंय.

इथे इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकजवळच्या शूटिंग क्लबमध्ये मी जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्वर चालवते. इटलीत बनलेली कॉपी आहे. प्रत्येक चेंबरमध्ये आधी काळी दारू, त्यावर रवा, मग शिशाची गोळी दाबून बसवायची. हो, रवाच! दारू कमी घातली की नेम चांगला लागतो, आणि उरलेली जागा रव्यानं भरायची. इथले गोरेही सेमोलिनाच वापरतात.

आज टीमचं सिलेक्शन होतं. सहापैकी दोन बार उडालेच नाहीत. बाकीच्या गोळ्या टार्गेटभर विखुरल्या. रव्याचा डबा उघडून वास घेतला, तर साजूक तूप! तेच दारूत मुरलं होतं.

तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"अगं, किडे होतील म्हणून तुपावर भाजून ठेवला."

"डब्यावर 'शूटिंग' लिहिलंय ते दिसलं नाही?"

"दिसलं की. पण आत रवाच होता ना!"

सिलेक्शन गेलं. वर्षभर दर रविवारी थंडीत उभी राहिले, ते सगळं वाया. आणि घरी आल्यावर हा म्हणतो, "उरलेला दे, शिरा करतो."

मला सांगा, जवसाचं तेल संपलं म्हणून मी याच्या क्रिकेटच्या बॅटला कधी तूप चोळलंय?